वेगनरच्या जेवणाच्या टेबलावर हळदीचा डाग: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात राहणारं एक मराठी दांपत्य. दोघंही नोकरी करणारे, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि उन्हाळ्यात राहायला येणारे बायकोचे आईवडील. रोज चार ताटं, सणावाराला आठ-दहा. म्हणून त्यांना लांबवता येणारं टेबल हवं होतं. एका जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं होतं, तिथे त्यांना ते मिळालं. वरचा फळा सागवानी, पाय ओकचे, गोल आणि खाली निमुळते होत गेलेले. लांबी १२८ सेंटीमीटर, रुंदी ८६. दोन्ही टोकांना फळ्याखाली एकेक पान, म्हणजे बाहेर ओढायची जादा फळी, दडलेलं आणि प्रत्येक पान ५४ सेंटीमीटरचं. दोन्ही ओढली की टेबल २३६ सेंटीमीटर लांब होतं.

ते डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेगनरचं आहे हे विकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्यांनीही विचारलं नाही. काही वर्षं त्यावर रोजचं जेवण, मुलांचा अभ्यास, पोळ्या लाटणं सगळं झालं. मग एका दिवाळीनंतर टेबल दुरुस्तीला काढायची वेळ आली. पुढे घेतलेला जवळपास प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर अडत होता: हा साग किती जाड आहे?

टेबल आणि त्याचा रचनाकार

दुरुस्तीच्या निमित्ताने टेबल उलटं केलं तेव्हा ओकच्या चौकटीच्या आतल्या बाजूला तापल्या लोखंडाने उमटवलेला शिक्का दिसला: निर्माता आंद्रेआस टक, रचनाकार हान्स जे. वेगनर. टकचा कारखाना ओडेन्समध्येच होता, म्हणजे टेबल जन्मगावातच फिरत राहिलं होतं. ओढायच्या पानांचं हे टेबल टकच्या यादीत एटी-३१२ या नावाने ओळखलं जातं.

वेगनर १९१४ साली ट्योनर या गावी एका चांभाराच्या घरी जन्मला. आधी सुतारकाम शिकला, मग कोपनहेगनच्या कला आणि हस्तकला शाळेत गेला. ऑरहूस नगरभवनाच्या फर्निचरवर आर्ने याकोबसेन आणि एरिक म्योलर यांच्यासाठी काम केल्यावर १९४३ मध्ये त्याने स्वतःचं कार्यालय काढलं. जगाला तो खुर्च्यांमुळे माहीत आहे. १९४९ ची गोल पाठीची खुर्ची १९६० मध्ये केनेडी-निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरच्या वादचर्चेत दिसली, आणि १९५० पासून कार्ल हान्सेनच्या कारखान्यात बनणारी विशबोन खुर्ची आजही बनते. २००७ मध्ये तो वारला.

टेबलांबद्दल कमी लिहिलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं. १९५१ मध्ये पाच कारखान्यांनी मिळून सेल्सको नावाची एकत्र विक्रीसंस्था काढली आणि वेगनरचं काम वाटून घेतलं. जेवणाच्या खुर्च्या कार्ल हान्सेनकडे, आरामखुर्च्या ए. पी. स्टोलेनकडे, सोफे नि दिवाण गेटामाकडे, कपाटं री मोब्लरकडे आणि टेबलं टककडे. कारखाने एकमेकांशी स्पर्धा करत नव्हते, ग्राहकाला मात्र एकाच हाताचं सगळं घर मिळत होतं. टकची टेबलं त्या घराच्या मध्यभागी यायची.

ओढपानाची रचना डेन्मार्कमध्ये जुनी आहे, तिला तिथे ‘डच’ पद्धत म्हणतात. प्रत्येक पानाच्या खाली दोन लांब सरकपट्ट्या असतात. त्या चौकटीच्या टोकाच्या आडपट्टीतल्या खाचांतून सरकतात. पट्ट्या उतरत्या कापलेल्या असतात. या टेबलाचा फळा २२ मिलिमीटर जाड आहे, म्हणून पट्टी ५४ सेंटीमीटर बाहेर येईपर्यंत पान बरोबर २२ मिलिमीटर वर चढतं आणि फळ्याच्या पातळीत येऊन बसतं. फळा कुठेच पक्का ठोकलेला नाही. मधल्या स्थिर फळीतल्या भोकांत त्याच्या दोन खुंट्या नुसत्या उतरलेल्या असतात, त्यामुळे पान बाहेर येताना तो किंचित उचलला जातो आणि मग जागेवर बसतो. बिजागरी नाही, चाक नाही, कुलूप नाही.

ही रचना चालायची तर फळा आणि पानं सपाटच राहायला हवीत, आणि वर्षभर त्याच मापाची. इथेच व्हेनिअरचा, म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेल्या पातळ थराचा, मुद्दा येतो. डॅनिश घरात हिवाळ्यात रेडिएटर चालू असतात आणि खोलीतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते, उन्हाळ्यात ती साठच्या वर जाते. ८६ सेंटीमीटर रुंदीचा भरीव सागाचा फळा एवढ्या फरकाने रुंदीत चार ते आठ मिलिमीटर फुगतो-आक्रसतो, लाकूड कोणत्या दिशेने कापलंय त्यावर ते अवलंबून. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, तरीही एवढं. फळा थोडा जरी वाकला तर पान त्याच्याखाली अडकेल. म्हणून वेगनरने गाभ्याच्या फळ्यावर सागाचं पातळ व्हेनिअर आणि कडेला भरीव सागाची पट्टी वापरली. ही काटकसर नव्हती, यंत्रणेची ती गरज होती.

अडचण

दिवाळीनंतर टेबलावर पुढच्या गोष्टी दिसत होत्या.

फळ्याच्या मध्यावर प्रेशर कुकर टेकवला गेला होता. तिथे पांढुरका गोल उमटला होता आणि त्याच्या शेजारी रुपयाएवढ्या जागेत व्हेनिअर फुगून तंतूंच्या दिशेने तडकलं होतं. ओली लोखंडी कढई रात्रभर राहिल्याने एक काळा अर्धगोल पडला होता. रश्श्याचे हळदीचे दोन डाग होते, एक फळ्यावर आणि एक पानावर. उजवीकडचं पान बाहेर काढलं की त्याची टोकाची कड फळ्यापेक्षा चार मिलिमीटर खाली लोंबायची. आणि सगळ्यांत नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे रंग: फळा फिकट मधाच्या रंगाचा, पानं गडद तांबूस. टेबल लांबवलं की ते तीन वेगवेगळ्या तुकड्यांचं वाटायचं.

घरच्यांनी आधी स्वतःच उपाय केला. डेन्मार्कमध्ये ओकसारखं फिकट लाकूड साबणाच्या पाण्याने राखायची पद्धत आहे: एक लिटर कोमट पाण्यात अर्धा डेसिलिटर सोप फ्लेक्स (साबणाचा चुरा), मऊ फडकं, तंतूंच्या दिशेने पुसणं. ओकच्या पायांसाठी हे योग्यच. त्यांनी तेच पाणी वरच्या सागवानी फळ्यावरही फिरवलं, आणि हळदीचे पिवळे डाग बघता बघता विटकरी लाल झाले.

यात गूढ काही नाही. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन, आणि तो अल्कली लागली की तांबडा होतो. चुन्याने हळद लाल होते हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे, कुंकू त्याच गुणावर बनतं. सोप फ्लेक्सचं पाणी अल्कधर्मी असतं. डॅनिश सल्ला देणाऱ्याच्या ताटात हळद नसते, म्हणून त्याच्या सल्ल्यात ही सूचनाही नसते.

सल्ला आणि गैरसमज

तिचे वडील चंद्रपूरचे, आयुष्यभर लाकडाच्या व्यवहारात राहिलेले. बल्लारपूरच्या डेपोतला साग नुसता वासावरून ओळखतील. त्यांनी व्हिडिओ कॉलवर डाग पाहिले आणि लगेच म्हणाले, “अगं, साग आहे ना? मग घाबरतेस कशाला? सुताराकडून एक हात रंधा मारून घे, आतून नवं निघेल.”

विदर्भातल्या सागाच्या दारासाठी, पाटासाठी, झोपाळ्यासाठी हा सल्ला शंभर टक्के खरा आहे. तिथे साग म्हणजे भरीव साग, दीड इंच जाड, आणि दर वीस वर्षांनी एक मिलिमीटर उतरवला तरी पणतू त्यावर बसेल. इथे मात्र रंध्याचा पहिलाच हात व्हेनिअर पार करून गाभ्यात गेला असता. मराठी घरांत जुनं परदेशी फर्निचर येतं तेव्हा हाच घोटाळा सगळ्यांत जास्त नुकसान करतो, आणि तो अज्ञानातून येत नाही, सागाच्या चांगल्या ओळखीतून येतो.

तपासणी

फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका स्थानिक कारागिराने टेबल घरीच पाहिलं. त्याने आधी मोजमाप केलं, नंतरच उपायाबद्दल तोंड उघडलं.

*व्हेनिअरची जाडी.* कडेला भरीव सागाची पट्टी असल्याने बाहेरून व्हेनिअर दिसत नाही, आणि त्यामुळेच टेबल भरीव वाटतं. पानाच्या आतल्या, फळ्याखाली राहणाऱ्या कडेला एक जुनी चीप उडालेली होती. तिथे भिंगातून मोजलं तर ०.७ मिलिमीटर. फळ्यावरच्या फुगवट्यातला तडकलेला एक सुटा तुकडा कॅलिपरमध्ये धरला तर ०.४५. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या फळ्यात आणि पानात पाव मिलिमीटरचा फरक असायचं कारण नाही. याचा अर्थ आधीच्या कोणीतरी फळा एकदा यंत्राने घासून घेतला होता. कडपट्टीजवळ बोट फिरवल्यावर किंचित उतार लागला, त्यानेही तेच सांगितलं.

या एका मोजमापाने दोन प्रश्न सुटले. एक, पुन्हा घासायचं नाही. खोल डाग काढताना १२० नंबरचा पॉलिश पेपर यंत्रावर लावून फिरवला तर सहज ०.२ मिलिमीटर जातं; कडेला, जिथे यंत्र कलतं, तिथे त्याहून जास्त. दोन, रंगातल्या फरकाला एकटा सूर्यप्रकाश जबाबदार नव्हता. फळ्यावरची जुनी, मुरलेली पातळी घासण्यात गेली होती आणि पानांवरची शाबूत होती.

*वरचा लेप.* नजरेआडच्या जागी तीन थेंबांची चाचणी केली. स्पिरिटचा बोळा चिकट झाला नाही, म्हणजे शेलॅक (लाखेचं पॉलिश) नाही. लॅकर थिनरने पापुद्रा सुटला नाही, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर नाही. पाण्याचा थेंब काही मिनिटांत मुरून गडद झाला. म्हणजे तेल, आणि त्यावर कोणीतरी वरचेवर चोळलेलं ‘टीक ऑइल’, न पुसल्यामुळे चिकट राहिलेलं. टीक ऑइल सागापासून काढत नाहीत, ते बहुधा जवस किंवा टुंगचं तेल आणि द्रावक यांचं मिश्रण असतं. जादा तेल पुसलं नाही तर ते वर सुकून धूळ धरतं.

*गोंद.* फुगवट्याच्या कडेला ओलं फडकं ठेवून त्यावर कोमट इस्त्री धरली. जुना सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा गोंद) असता तर तो मऊ होऊन चिकटला असता. काहीच झालं नाही, आतून ठिसूळ, पारदर्शक कण निघाले. म्हणजे गरम दाबयंत्रात वापरतात तो युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद. व्हेनिअर इस्त्रीने परत बसवायची जुनी युक्ती इथे चालणार नव्हती.

*लोंबणारं पान.* चौकटीतली खाच जवळजवळ दोन मिलिमीटर झिजली होती. पट्टीचा आतला भाग मधल्या फळीला खालून टेकतो आणि खाचेवर तिचा तोल असतो. आतलं टेकण खाचेपासून अंदाजे ५० सेंटीमीटरवर, बाहेरची कड ५४ वर. त्यामुळे खाच एक मिलिमीटर झिजली की बाहेरची कड दोनाहून थोडी जास्त खाली जाते. चार मिलिमीटरचा हिशेब तिथेच लागला. पट्ट्या स्वतः सरळ होत्या.

तोललेले पर्याय

पूर्ण घासून नव्याने तेल देणं हा सगळ्यांत सोपा आणि बाजारात सगळ्यांत जास्त दिला जाणारा पर्याय. ०.४५ या आकड्याने तो बाद केला.

वरून पॉलियुरेथेनचा (प्लॅस्टिकसारखा कडक) लेप मारायचा, म्हणजे पुढे हळद-तेलाची काळजीच नको, हे नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि लहान मुलांच्या घरात ते समजण्यासारखं आहे. पण सागात स्वतःचे तेलकट घटक असतात. ते असे लेप नीट सुकू देत नाहीत आणि धरूही देत नाहीत. त्यात वर्षानुवर्षं मुरलेलं जवसाचं तेल. लेप काही काळाने पापुद्र्याने सुटला असता आणि तो काढायला पुन्हा घासावंच लागलं असतं. शिवाय या टेबलात फळ्याची खालची बाजू प्रत्येक वेळी पानाच्या वरच्या बाजूवरून जाते. कडक चकचकीत थरावर ते चरे लगेच दिसतात, तेलावर ते मिसळून जातात.

फळ्यावर नवीन व्हेनिअर चढवणं शक्य होतं, पण मग शिक्क्याखालचं निम्मं टेबल नवं झालं असतं आणि पानं तरीही वेगळीच दिसली असती. विकून टाकणं हा पर्याय शिक्का सापडल्यावर क्षणभर चर्चेत आला. टेबल रोज वापरायचं आहे, म्हणून तो सोडला.

उरला तो मार्ग: स्वच्छ करणं, डाग एकेक करून सोडवणं, यांत्रिक झीज भरणं, आणि रंगासाठी प्रकाशाला काम करू देणं. हा सगळ्यांत सावकाश मार्ग होता आणि त्याने टेबल नवं दिसणार नव्हतं. दांपत्याला हे आधी स्पष्ट सांगितलं गेलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत चांगला निर्णय तोच होता, कारण ‘नवं करून द्या’ ही अपेक्षा तशीच राहिली असती तर पुढचं प्रत्येक काम अपुरं वाटलं असतं.

काय केलं

*सफाई.* व्हाइट स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं द्रावक) आणि पांढरा नायलॉन पॅड, तंतूंच्या दिशेने, फडकं सारखं बदलत. चिकट थर निघाला आणि कुकरचा पांढुरका गोलही, कारण तो त्या थरातच होता, लाकडात नव्हता. स्टील वूल (बारीक लोखंडी तारांचा बोळा) मुद्दाम टाळलं. त्याचे कण ओकच्या छिद्रांत राहिले की ओकमधल्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून काळे ठिपके पडतात.

*लोखंडाचा डाग.* काळा अर्धगोल हा लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचा. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, हातमोजे घालून. फक्त डागावर ब्रश फिरवला तर डागाच्या जागी फिकट चट्टा उरतो, म्हणून डागावर जास्त आणि भोवती कमी कमी करत. पंधरा मिनिटांनी टिपून घेतलं, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसलं, लगेच कोरडं केलं. हे सगळं सफाईनंतरच करता येतं. तेलाच्या थरातून ॲसिड आत जात नाही. सुकल्यावर पांढरे स्फटिक दिसले तर ते घासायचे नाहीत, ओल्या फडक्याने उचलायचे. त्यांची धूळ नाका-घशाला वाईट असते.

*हळद.* आधी लाल रंग परत पिवळा केला: एक भाग पांढरा व्हिनेगर, पाच भाग पाणी, कापसाच्या बोळ्याने टिपत. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा डागावर ठेवून वर टिपकागद दाबला. चोळलं नाही, कारण कुर्क्युमिन स्पिरिटमध्ये विरघळतं आणि चोळल्यावर शेजारच्या छिद्रांत पसरतं. निम्मा रंग कागदावर आला. उरलेला उन्हावर सोडला, कुर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही.

*फुगवटा.* तडक होतीच, त्यातून सुईने युरिया गोंद पातळ करून आत सोडला, वर प्लॅस्टिक, त्यावर लाकडाचा सपाट ठोकळा, आणि फळा चौकटीवरून उचलून वेगळा केल्यामुळे शिकंजा दोन्ही बाजूंनी लावता आला. रात्रभर दाब. साधा पांढरा गोंद गरम भांड्याखाली मऊ पडतो, म्हणून या जागी तो नको असं ठरलं.

*खाच.* ओकच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या खाचेच्या तळाशी चिकटवल्या, सरकपट्टीला हात लावला नाही. झीज खाचेत होती, आणि सरकपट्टीचा उतार बदलला असता तर पानाची अख्खी वाटच बदलली असती. पट्टी थोडी जास्त जाड ठेवून, पान लावून बघत, पटाशीने उतरवत नेली. वर मेणबत्तीचं मेण. फळ्याखालचे झिजलेले फेल्टचे तुकडेही बदलले. ते गेले की फळ्याची खालची बाजू पानांना खरवडते.

*तेल.* फळा आणि दोन पानं मिळून सुमारे दोन चौरस मीटर. पहिल्या हाताला ८० मिलिलिटरच्या आसपास, पुढच्या दोन हातांना त्याच्या निम्मं. लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग उरलेला प्रत्येक थेंब पुसायचा, चोवीस तासांनी पुढचा हात. तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून किंवा बाहेर उघडी पसरून सुकवून मगच टाकली.

*प्रकाश.* जूनमध्ये ओडेन्सला दिवस साडेसतरा तासांचा असतो. टेबल दक्षिणेकडच्या खिडकीपाशी, रेडिएटरपासून दूर, पूर्ण लांबवून ठेवलं. पहिला आठवडा सगळंच उघडं, हळदीसाठी. मग फळ्यावर जाड सतरंजी आणि दोन्ही पानं उघडी. दर आठवड्याला टेबल अर्धं फिरवायचं, नाहीतर खिडकीकडच्या पानाचा रंग आधी फिका होतो. थेट दुपारच्या उन्हात पडदा ओढायचा, कारण एकाच बाजूने तापलेलं पान वाकतं.

निष्पत्ती

हळदीचे दोन्ही डाग पहिल्या आठवड्यातच दिसेनासे झाले. लोखंडाचा काळा डाग फिकट सावलीएवढा उरला. आणखी एकदा ॲसिड लावून तो गेला असता, पण भोवतालचा रंगही उतरला असता, म्हणून तिथेच थांबले. फुगवटा सपाट आहे, तडक मात्र आडव्या उजेडात दिसते. उजवं पान फळ्याच्या पातळीला आलं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

ऑगस्टअखेर पानं तांबूस रंगावरून बरीच खाली आली होती, तरी फळ्यासारखी झाली नव्हती, आणि होणारही नव्हती. घासलेल्या आणि न घासलेल्या सागाचा फरक प्रकाशाने पूर्ण मिटत नाही. पूर्वी दारातून दिसायचा तो फरक आता खुर्चीवर बसल्यावर दिसतो.

घरातले नियम थोडेच बदलले. कुकर आणि कढई लाकडी स्टँडवर. हळद सांडली तर आधी कोरड्या कागदाने टिपायची, मग साध्या पाण्याचं फडकं. वरच्या सागाला साबण नाही, खायचा सोडा नाही. आणि महिन्यातून आठवडाभर पानं बाहेर काढून ठेवायची, पाहुणे नसले तरी. वडील पुढच्या उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांनी पानाची कड हाताने चाचपली आणि ०.७ मिलिमीटर हा आकडा दोनदा विचारून घेतला.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता: आधी प्रकाश, मग तेल. इथे तेल आधी दिलं गेलं, कारण टेबल वापरात हवं होतं. तेलाने पानं आणखी गडद झाली आणि उजेडाला तेवढंच जास्त काम पडलं. सफाई झाल्यावर टेबल कोरडंच खिडकीशी ठेवून, डाग न पडणारं जेवण वर कापड घालून, आणि तेल ऑगस्टमध्ये, असं केलं असतं तर फरक बहुधा आणखी कमी झाला असता.

सुरुवातीचा रंग नोंदवला गेला नाही. फोनवर घेतलेल्या फोटोंचा प्रकाश दर वेळी वेगळा, त्यामुळे किती उतरलं यावर घरात मतभेदच राहिले. फळ्याचा एक कोपरा आणि पानाचा एक कोपरा शेजारी ठेवून, त्यांच्यामध्ये पांढरा कागद धरून, ढगाळ दिवशी खिडकीशी दर पंधरा दिवसांनी फोटो काढला असता तरी पुरलं असतं.

गोंदाबद्दल जाणकारांत दोन मतं होतील. युरिया गोंद उष्णतेला टिकतो पण तो पुन्हा सोडवता येत नाही. सरस किंवा माशाचा गोंद वापरला असता तर पुढच्या कारागिराला ती जागा उघडता आली असती, पण ओल्या भांड्याखाली तो सुटण्याचा धोका होता. रोज जेवायच्या टेबलाच्या मध्यावर मी युरियाच निवडला असता. तोच फुगवटा पानाच्या टोकाशी असता, जिथे गरम भांडं क्वचित येतं, तर सरस वापरला असता.

आणि विकत घेतानाच टेबल उलटं करायला हवं होतं. शिक्का, पानाच्या आतल्या कडेची चीप, खाचेची झीज, तिन्ही गोष्टी तिथेच दिसल्या असत्या, टॉर्च आणि पाच मिनिटं पुरेशी होती. व्हेनिअरची जाडी तेव्हाच कळली असती तर साबणाचं पाणी फळ्यावर फिरवण्याआधी कोणीतरी एकदा थांबलं असतं.